याहून हलका मिळेल का

कुंभिवली,
२८ जुलै २०२४

चि. पदू,

साठीला टेकलास तरी मी तुला चिरंजीवच म्हणणार. तुला कडेवर घेऊन मावशीचं अंगण मी झिजवलं आहे. पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जागच्या जागी आहेत. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की आमच्या दोन खोल्यांत सगळं ऐकू जातं. ही गोष्ट तुझ्या दाजींच्या कानावर इतक्यात जायला नको.

त्यांना समुद्रावर मासे गरवायचा रॉड घेऊन द्यायचा आहे. रीळही. कंपनीतून रिटायर झाल्यापासून मोबाइलवर तेच बघत बसतात. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं लाटांत उभी राहून लांबलचक काठी भिरकावतात आणि हे इथे खाटेवर बसून मान पुढे काढतात. परवा म्हणाले, "जलमभर नदीत गरवलं गं, एकदा समुद्रात टाकून बगायचं हाय. आपल्या हातानं एक मासा काढायचा हाय." या माणसाने आजवर स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही.

पॉवर हाऊसचं पाणी ओसरलं की पाताळगंगेच्या डोहावर बांबू घेऊन बसायचे, तुला माहीत आहे. हल्ली जात नाहीत. उजव्या हातात जोर कमी झाला आहे. कप निसटतो, शर्टाची वरची बटणं मी लावते. इथल्या डॉक्टरांनी नसांचं काहीतरी आहे म्हणून तपासण्या सांगितल्या आहेत. मला वाटलं, हाताला आवडीचं काम दिलं तर सुधारेल.

मला यातलं काही कळत नाही. खोपोलीत एका दुकानात रॉड मागितला तर त्याने पडद्याचा काढून दाखवला. तू नोकरी संपल्यापासून नागावच्या वाळूतच उभा असतोस म्हणे, तर तूच सांग कोणता घेऊ.

तुझी,
सुनंदाताई


नागाव,
९ ऑगस्ट २०२४

ती. ताई,

नमस्कार. पडद्याचा रॉड घेतला नाहीस हे आमच्या सगळ्या गरवणाऱ्या जमातीवर उपकार झाले. अखेर दाजींना खारं पाणी आठवलं तर! मी बायकोला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, आणखी एक माणूस कामातून गेला.

आता नीट वाच. समुद्र म्हणजे पाताळगंगेचा डोह नव्हे. डोहात मासा पायाशी असतो. इथे तो फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे असतो आणि दोऱ्याला बांधलेलं शिसं तिथवर पोचलं पाहिजे. त्यासाठी रॉड हवा तेरा फुटी, चांगला ताठ. एक हात खाली, एक वर, सगळं अंग वळवून फेकायचं. रीळ मोठं हवं, म्हणजे दोरा भरपूर राहतो. त्या रिळाला एक चकती असते, ती ढिली ठेवली की मोठा मासा लागल्यावर दोरा आपोआप सुटत जातो. मासा पळतो, दमतो, मग आपण ओढायचं. दाजींना हे आवडेल.

मला पुढचं कळव. दाजींची उंची किती? फेकताना पुढे कुठला हात? रीळ कुठल्या हाताने फिरवणार? रॉड चपलेसारखा असतो ताई, दुसऱ्याच्या मापाचा चावतो. मी पहिला रॉड घाईने घेतला आणि खांदा धरून बसलो. तेव्हा घाई अजिबात नको. नारळी पौर्णिमा व्हायची आहे, त्यानंतरही गणपतीपर्यंत पाणी गढूळच असतं. निवांत निवडू.

तुझा,
पदू


कुंभिवली,
१ सप्टेंबर २०२४

चि. पदू,

शर्ट शिवायचा आहे असं सांगून दाराच्या चौकटीला उभं करून उंची मोजली. पाच फूट सहा इंच. तेरा फूट म्हणजे आमच्या ओटीपासून मोरीपर्यंत होतात, हे मी दोरी धरून पाहिलं. एवढा नको रे.

एका हाताने टाकता येईल असा असतो का? डाव्या हाताने? रीळही त्याच हाताने फिरवता आलं तर बरं. आणि तू म्हणतोस ते शिसं फार जड वाटतं. वजनाला याहून हलका मिळेल का?

मासा पळून जावा म्हणून रिळात चकती बसवतात, हे आनंदीबाई शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग घरीच ऱ्हावा की."

तपासण्या चालू आहेत. बाकी विशेष नाही.

सुनंदाताई


नागाव,
२० सप्टेंबर २०२४

ती. ताई,

गणपतीच्या गडबडीत उत्तराला उशीर झाला. पण ताई, तू रॉड घेते आहेस की मेथीची जुडी? याहून लहान नाही का, याहून हलका नाही का! एका हाताने टाकायचा म्हणतेस. दुसऱ्या हातात दाजी काय छत्री धरणार आहेत?

मला माहीत आहे हे कुठून येतं. कुणाला आपली तसदी नको म्हणून दाजी नेहमी असेलनसेल त्यातलं लहान मागतात. लग्नाच्या पंगतीतसुद्धा अर्धी जिलबी घेणारा माणूस. पण इथे तसं चालत नाही. हलक्या रॉडने शिसं पहिल्या लाटेतच पडणार, लाट ते परत पायाशी आणून टाकणार आणि दाजी कंटाळून पुन्हा मोबाइल घेऊन बसणार. मी तुला ते करू देणार नाही. मी तीन रॉड हातात घेऊन पाहिले, त्यातले दोन बाद केले, एकाबद्दल विचार चालू आहे. हाताचं म्हणशील तर वयोमानाने होतं ते. माझाही अंगठा आखडतो. तेलाने चोळायला सांग.

तेरा फुटीच घेऊ. माझं ऐक.

पदू


कुंभिवली,
६ ऑक्टोबर २०२४

चि. पदू,

भांडू नकोस. मी तुला पुरतं सांगितलं नव्हतं. आता सांगते.

आमची भाग्यश्री आणि जावई, दोघांनी तुझ्या दाजींना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. मीही गेले होते. सुया टोचल्या, विजेचे झटके देऊन हात तपासले. आजाराचं नाव भाग्यश्रीने कागदावर लिहून दिलं आहे, मला ते वाचायचंसुद्धा नाही. अंगाला हुकूम पोचवणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. आधी उजवा हात, आता डावा सुरू झाला, मग पाय, मग बोलणं, मग गिळणं. औषध नाही. एक गोळी आहे, ती फक्त सगळं जरा सावकाश व्हावं म्हणून. मी विचारलं, ऑपरेशन? तेल? झाडपाला? डॉक्टर नुसता मान हलवत राहिला. तरुण होता बिचारा. मला वाटलं, आता हाच रडतो की काय.

एवढं म्हणाला, स्पर्श शेवटपर्यंत कळेल. हाताला सगळं कळेल, पण हात ऐकणार नाही.

यांना सगळं समजलं आहे. येताना खोपोली स्टेशनबाहेर मी वडापाव भरवला. तो खाऊन झाल्यावर म्हणाले, "समुद्राचं तेवडं राह्यलं." मी पलीकडे तोंड करून रडून घेतलं.

म्हणून हलका मागते रे. डॉक्टरांनी आम्हाला निवडायला काही ठेवलंच नाही. हे औषध की ते, इकडे की तिकडे, काही नाही. रॉड तेवढा निवडता येतो. त्यांना एकदा समुद्रात गळ टाकून स्वतःच्या हाताने एक मासा काढायचा आहे. एकच. तू म्हणशील तो घेऊ, पण लवकर सांग.

सुनंदाताई


नागाव,
१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

ताई,

तुझं पत्र खिशात घालून वाळूवर गेलो आणि गळ न टाकता परत आलो. छत्रीचा विनोद आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. तू तिकडे एकटीने हे सगळं पोटात ठेवून मला उंची मोजून पाठवत होतीस.

काल दिवसभर दुसरं काही केलं नाही. नऊ फुटी रॉड मिळाला आहे, कार्बनचा, तीन तुकड्यांत, दाजींच्या बांबूपेक्षाही हलका. शिसं निम्म्याहून कमी चालेल. आता समुद्र निवळला आहे आणि भरतीला मासा काठाजवळ येतो, म्हणजे लांब फेकायला नको. हे मी तुला आधीही सांगू शकलो असतो. माझं लक्ष तेरा फुटांवर होतं.

रिळाची मूठ काढून तिथे रबराचा गोळा बसवून घेतो. बोटांनी धरावं लागणार नाही, तळव्याने ढकललं तरी फिरेल. चकतीही मीच लावून देईन. भाऊबीजेला घेऊन येतो, आता लपवाछपवी नको. दाजींना सांगून टाक.

आणखी काय लिहावं ते सुचत नाही. दोन कोरे कागद पुढ्यात आहेत, तरी सुचत नाही.

पदू


कुंभिवली,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. पदू,

ओवाळणी म्हणून ताटात रॉड ठेवणारा भाऊ जगात तूच. आनंदीबाई अजून गावभर सांगत फिरते. तू गेल्यावर यांनी तो उशाशी घेतला होता.

भात कापून झालं, खाचरं वाळली. समुद्र इथे कुठून आणणार, म्हणून तुझे दाजी खाचरातच सराव करायला निघाले. बांधावर पाय रोवून उभे, हातात तुझा रॉड, समोर नुसता धसकटांचा चिखल वाळलेला. बघायला ही गर्दी. नदीवरचा त्यांचा जोडीदार कोंडाजी ओरडला, "दशरथदादा, भात तर झोडून झालं, आता पेंढ्यात मासं गावतात का रं?" सगळे हसले. हेही हसले, अगदी मोकळं. त्या दिवशी दोनदा फार छान गेलं. शिसं मधल्या बांधापलीकडे पडलं आणि कोंडाजी ते आणायला धावत गेला. घरी येऊन यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मला वाटलं, जमलं.

पुढच्या आठवड्यात नाही जमलं. दोरा बोटाने अडवून धरायचा आणि फेकताना बोट उघडायचं, असं तू शिकवलंस ना? वाकवलेलं बोट उघडलंच नाही. शिसं पायाशी आपटलं. परत टाकलं, परत तेच. कोंडाजीने पुढे होऊन ते बोट हळूच उलगडून दिलं. मग कुणी हसलं नाही. ज्याला त्याला एकदम घरची कामं आठवली.

हे बांधावर बसून राहिले. दोरा गुंडाळावा म्हणून मी रीळ फिरवलं ते उलटं फिरवलं आणि सगळा गुंता झाला. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, "तुला जमायचं नाय, न मला बी जमायचं नाय." रागावून नाही, साधंच म्हणाले. मी तो गुंता पदरात घेऊन घरी आले.

पदू, याहून हलका मिळेल का?

सुनंदाताई


नागाव,
५ डिसेंबर २०२४

ताई,

मिळेल. सात फुटी आहे, खाडीत वापरायचा, काठीसुद्धा नव्हे, शिपटीच म्हण. रीळही निराळं मिळतं, बोट उघडावं लागत नाही, अंगठ्याने कळ दाबली की दोरा सुटतो. बॅटरीवर फिरणारंही असतं, बोटीवरचे लोक वापरतात. मी सगळं शोधून ठेवलं आहे.

पण खरं सांगू? मी एक शोधेपर्यंत दाजींचा हात त्याच्या पुढे गेलेला असतो. ही शर्यत माझ्याच्याने जिंकली जाणार नाही. आज अंगठा चालतो म्हणून कळीचं रीळ घ्यावं आणि ते येईपर्यंत अंगठा थांबावा, या विचाराने मला झोप नाही. मी इतकी वर्षं लोकांना रॉड निवडून दिले आणि माझ्या बहिणीच्या नवऱ्याला एक देता येत नाही.

तुम्ही या. आहे तोच रॉड घेऊन या. वाळूत पाईप रोवून त्यात तो उभा करतो, धरायला नको. टाकायचं मी टाकीन. लवकर या.

पदू


कुंभिवली,
२९ डिसेंबर २०२४

चि. पदू,

संक्रांतीनंतरच्या रविवारी येतो. जावई निलेश गाडी काढतो आहे. यांना पायऱ्या चढवत नाहीत, तेव्हा निलेश आणि तू उचलून वाळूपर्यंत न्या. पाणी पिताना ठसका लागतो, म्हणून मऊ भात बरोबर आणते. तुझ्या बायकोला माशाचा घाट घालायला सांगू नकोस, काटा चालत नाही.

टाकणार पदू आणि ओढणारही पदूच, असं यांना सांगितलं. उशाच्या रॉडकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जाऊ."

सुनंदाताई


नागाव,
२६ जानेवारी २०२५

ती. ताई,

तुम्ही नीट पोचलात, निलेशरावांचा मेसेज आला. तुला पत्र लिहायला आठवडा घेतला, कारण कुठल्या तोंडाने लिहू? एवढ्या लांबून दाजींना आणलंस आणि एक मासा लागला नाही.

मी ती संध्याकाळ पुन्हा पुन्हा चाळतो आहे. खुर्ची वाळूत रुतू नये म्हणून खाली फळी टाकली, ते बरोबर होतं. दाजींनी खुणेने दोरा मागितला, मी रिळापुढचा दोरा त्यांच्या बोटावरून घेतला, तेही बरोबर. भरतीची वेळ बरोबर. मग चुकलं कुठे? रॉडचं टोक फार ताठ होतं का? नऊ फुटीत त्याहून मऊ टोकाचा येतो, तो मी तेव्हा बाजूला ठेवला होता. का गळाची गरी मोठी झाली? दोन वेळा वर काढली तर आमिषाची कोळंबी खाल्लेली होती. खेकडे असणार, तिथे त्यांचा सुळसुळाट आहे.

आणि ते घुंगरू. मासा लागला की वाजावं म्हणून मी टोकाला बांधलं होतं, दाजींनी ते काढायला लावलं. मला वाटलं, आवाजाचा त्रास होतो. माझ्यासारख्या बहिऱ्याला तसाही त्याचा उपयोग नव्हता, आणि मावळतीचं ऊन डोळ्यांवर असल्यामुळे टोक हललेलंही दिसलं नसतं. तरी बांधूनच ठेवायला हवं होतं. दाजी मधे एकदा हसले तेव्हा मी म्हटलं, चला, समुद्र तरी पाहिला.

मऊ टोकाचा मागवतो आहे. पुन्हा एकदा येता येईल का गं?

पदू


कुंभिवली,
९ फेब्रुवारी २०२५

चि. पदू,

मागवू नकोस. का ते सांगते.

येताना पेण सोडल्यावर हे काहीतरी पुटपुटले. हल्ली त्यांचं बोलणं मलाच कळतं, तेही कान तोंडाशी नेला तर. म्हणाले, "लागला व्हता गं. दोन खेपा."

मी म्हटलं, "काय लागला?"

"मासा. पहिला लहान. दुसरा मोटा व्हता, खेचत व्हता."

पदू, तू पाच हातांवर उभा होतास, निलेश पाठीशी होता, मी पायाशी बसले होते. मी म्हटलं, "अवो, मंग बोललात का नाय? पदूनं काढला असता!"

"म्हून तर नाय बोललो."

निलेशने आरशातून पाहिलं. मी त्याला खुणेनेच गाडी हळू घे म्हटलं. हे बराच वेळ दम खात राहिले. मग म्हणाले, "बोललो असतो तर पदूचा झाला असता. बोटावं व्हता तवर माजा व्हता. लई येळ व्हता, सुनंदा. मंग गेला."

मी त्यांचा हात मांडीवर घेतला आणि घर येईपर्यंत धरून बसले. घुंगरू त्यांनी का काढायला लावलं ते तेव्हा कळलं. ते हसले ते कधी, हेही कळलं. मी त्यांच्या पायाशी बसून खुर्चीच्या पायांवर लक्ष ठेवत होते, मला काहीच दिसलं नाही.

आता ते बोटही हलत नाही. पुन्हा यायचं जमेल असं मला वाटत नाही, आणि न जमण्याला मी काय करू तेही मला माहीत नाही. रोज सकाळी तोंड पुसताना मी त्या बोटावर जरा दाबते आणि विचारते, कळतंय का. कळतंय म्हणतात.

तू त्या टोकाचा विचार करत रात्री जागवू नकोस. रॉड बरोबर होता.

तुझी,
सुनंदाताई